नारळ आधी, नियोजन नंतर

जमीन ताब्यात नाही, परवानग्या हातात नाहीत, अडलं तर निर्णय कुणी घ्यायचा हे ठरलेलं नाही, अशा कामाचा नारळ फोडणं ही लोकांची सरळ फसवणूक आहे. मुंबई-गोवा महामार्गावर तीच झाली. पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं, तेव्हा भूसंपादन अर्धवट होतं आणि कर्नाळा अभयारण्याचा प्रश्न सुटलेला नव्हता. तेव्हापासून दर गणपतीला चाकरमान्यांच्या हाती नवी तारीख ठेवली जाते. तेव्हा आईच्या मांडीवर बसून गावी गेलेली पोरं दहावी-बारावीला पोचली.

कोकणातला पाऊस, कोकणातले डोंगर, ही रडगाणी मला ऐकवू नका. याच महामार्गावर महाडजवळ २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल एसटी गाड्यांसकट वाहून गेला. माणसं मेली, देश हादरला, आणि नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला. म्हणजे यंत्रणेला काम येतं. कुणाची तरी मान अडकल्याशिवाय ती ते करत नाही, एवढंच.

आणि याच डोंगरांतून कोकण रेल्वे गेली. १९९० मध्ये महामंडळ स्थापन झालं, ई. श्रीधरन त्याचे प्रमुख झाले, आणि २६ जानेवारी १९९८ ला रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा संपूर्ण मार्ग खुला झाला. उशीर तिथेही झाला: गोव्यात मार्गावरून आंदोलन पेटलं, पेडण्याच्या बोगद्यात भुसभुशीत माती पुन्हा पुन्हा कोसळली. पण काम कुणाच्या टेबलावर अडकून पडलं नाही. मार्गाचे सात भाग केले, प्रत्येकावर एक मुख्य अभियंता नेमला आणि त्याला तिथेच, त्या भागातच बसवला. जागेवरचा निर्णय जागेवर. जमिनीसाठी अधिकारी स्वतः गावोगाव फिरले. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आणि रत्नागिरीजवळचा ६४ मीटर उंचीचा पानवल पूल या शिस्तीतून उभे राहिले.

श्रीधरन यांचं उलटं घड्याळ सगळ्यांना पाठ आहे. मुदतीला किती दिवस उरले ते दाखवणारं. मी ज्या कार्यालयांत काम केलं, तिथल्या साहेबांनाही तेवढंच भावलं. तारीख वरून येते, अधिकार मात्र खाली येत नाही. दर सोमवारी आढावा बैठक, पडद्यावर एक्सेलची शीट, त्यात सगळ्या रांगा हिरव्या. 'नव्वद टक्के झालंय सर.' उरलेल्या दहा टक्क्यांत एक सही असते, आणि ती सही त्याच बैठकीत बसलेल्या माणसाची असते. त्याला कुणी विचारत नाही. खालच्या पोराला मात्र शनिवारी-रविवारी बोलावतात. याला नेतृत्व म्हणायला मी तयार नाही, ही मुकादमकी आहे. हाताखालच्यांची वाट मोकळी करणं हेच प्रमुखाचं काम. ज्याला ते जमत नाही त्याने खुर्ची सोडावी.

तुमच्या कार्यालयात उद्या नवा प्रकल्प जाहीर झाला, तर टाळ्या वाजवण्याआधी हात वर करा आणि विचारा: काय काय अजून हातात नाही, आणि ते आणण्याची जबाबदारी नावानिशी कुणाची? उत्तर मिळेपर्यंत तारखेला हो म्हणू नका.