पन्नाशीच्या आतली मोटार

"जुनी मोटार दारात बाळगणे म्हणजे मढ्यावर दागिने घालणे होय," असे उद्गार आमच्या एका विद्वान स्नेह्यांनी परवा निगडीच्या एका घरगुती समारंभात काढले, आणि जमलेल्या मंडळींनी मनमुराद हसून त्यांस अनुमोदन दिले. हे स्नेही चाकणच्या एका कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर आहेत व दर चार वर्षांनी मोटार बदलतात; तेव्हा त्यांच्या मताला अनुभवाचे पाठबळ नाही असे कोण म्हणेल? परंतु हशा हा काही पुरावा होत नाही. मढे कोणास म्हणावयाचे हे वयावरून ठरवावयाचे की चालण्यावरून, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर आमच्या स्नेह्यांनी दिले नाही. आणि ज्यांच्या जोरावर ते बोलतात त्या सरकारी नियमांनी तर अगदी चुकीचे दिले आहे.

आमचा स्वार्थ आधीच सांगून टाकणे बरे. आमच्या दाराशी 1978 साली नोंदलेली प्रीमियर पद्मिनी उभी असते. आमचे वडील पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये रसायनशास्त्रज्ञ होते. नंबर लावून, काही वर्षे वाट पाहून आणि पतपेढीचे कर्ज काढून त्यांनी ती घेतली. कारखान्याने तिला चितोडच्या राणीचे नाव दिले होते, पण आमच्या घरात वा आळीत तिला कोणी पद्मिनी म्हटल्याचे आम्हांस स्मरत नाही. ती 'फियाट'च राहिली. नाव इटलीचे, घडण मात्र कुर्ल्याची. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली जी प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी उभी केली, तिने परवाना घेऊन बनविलेले हे फियाट अकराशेचे रूप. 1089 घन सेंटिमीटरचे इंजिन, स्टिअरिंगलाच लावलेला गिअरचा दांडा आणि पुढची बैठक शाळेतल्या बाकासारखी सलग. त्या बाकावर वडील, आई आणि मध्ये आम्ही, असे बसून संकष्टीला चिंचवडास मोरया गोसावींच्या दर्शनास जाण्याचा परिपाठ पडला, तो अद्याप चालू आहे. फक्त मधल्या जागेवरून आम्ही चाकामागे सरकलो आहोत. आमच्या कन्येने मोटार चालविण्याचे पहिले धडे हिच्यावरच घेतले. नव्या मोटारीत बसल्यावर तिचा हात अजून गिअरसाठी स्टिअरिंगकडे जातो, यावरून तिच्या मैत्रिणी तिची थट्टा करतात.

आता नियमांकडे वळू. 2021 च्या जुलै महिन्यात केंद्र सरकारने जुन्या वाहनांस 'व्हिंटेज' असा दर्जा देणारे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे लोटलेली असावीत, वाहन मूळ स्वरूपात असावे, आणि सांगाडा, शरीर व इंजिन यांत भरीव फेरफार झालेले नसावेत, अशा त्या अटी. अशा वाहनास 'व्हीए' अक्षरांची पाटी मिळते. नव्या नोंदणीस 20,000 रुपये, मुदत दहा वर्षे, आणि पुढील नूतनीकरणास 5,000. इतके झाल्यावर गंमत अशी की, ती मोटार रोजच्या कामास रस्त्यावर काढावयाची नाही! प्रदर्शन, शर्यतवजा फेरी, संशोधन, पेट्रोल भरणे किंवा दुरुस्ती एवढ्यापुरतीच तिला बाहेर येण्याची मुभा. उलट पक्षी, जी मोटार साध्या पाटीवर चालते आहे तिच्याकडे पाहा. पंधरा वर्षांवरील मोटारीच्या नूतनीकरणाची फी 2022 च्या एप्रिलपर्यंत 600 रुपये होती, ती 5,000 झाली. वीस वर्षांवरील मोटारीस 2025 च्या ऑगस्टपासून 10,000 पडतात, आणि तेही दर पाच वर्षांनी. म्हणजे मानाची पाटी एकदा मिळाल्यावर छपराखाली उभ्या राहणाऱ्या मोटारीस दहा वर्षांचे 5,000, आणि धन्याच्या म्हाताऱ्या आईला देवदर्शनास नेणाऱ्या मोटारीस त्याच दहा वर्षांचे 20,000. पर्यावरण कर वेगळाच. वापरणाऱ्याला दंड आणि झाकून ठेवणाऱ्याला सवलत, हा न्याय कोणत्या स्मृतिग्रंथातून आला हे आम्हांस ठाऊक नाही.

आणि पन्नासच वर्षे कां? ज्या मोटारी आज पन्नाशी ओलांडून सुस्थितीत आहेत, त्यांतील पुष्कळशा संस्थानिकांच्या, पेढीवाल्यांच्या किंवा छंदासाठी पैसा ओतणाऱ्या धनिकांच्या आहेत. मध्यम वर्गाच्या हातात मोटार आली ती उशिरा. त्याचा वारसा अजून तिशी-चाळिशीत आहे, आणि नेमकी हीच वर्षे त्याला भंगारात ढकलणारी आहेत. पन्नाशीच्या आत ती टाकाऊ, पन्नाशीनंतर ती मूर्ती. मधल्या काळात ती कोण, याला कायद्याजवळ नावच नाही.

चाकणला जर्मनांचे कारखाने आले याचा आम्हांस अभिमान आहे. मर्सिडीज-बेंझने 1995 साली पिंपरीत टेल्कोच्या आवारात आपली मोटार जोडावयास प्रारंभ केला आणि 2009 साली चाकणला बिऱ्हाड केले. फोक्सवागननेही त्याच वर्षी तेथे कारखाना उघडला. आम्ही त्यांची यंत्रे आणली, शिस्त आणली, पण त्यांचा एक नियम मात्र आणावयाचा राहून गेला. जर्मनीत 1997 पासून, तीस वर्षे झालेली, मूळ रूपात राखलेली व तपासणीत उतरलेली मोटार 'एच' अक्षराची पाटी मिळविते आणि ती पाटी लावून मालक रोज कामावर जाऊ शकतो. मर्सिडीज कंपनी तर फेलबाख या गावी आपल्या जुन्या मोटारींसाठी स्वतंत्र केंद्र चालविते. तेथील सरकारास धुराची काळजी नाही असे आमच्या स्नेह्यांस म्हणावयाचे आहे काय?

धुराचा आक्षेप मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. भारत-सहा मानकाच्या नव्या मोटारीशी तुलना करता कार्बोरेटरच्या मोटारीचा धूर कितीतरी अधिक घातक असतो, हे आम्ही मान्य करतो. आमच्या मोटारीत हवेच्या पिशव्या नाहीत, आणि समोरासमोर टक्कर झाली तर तिचा पत्रा आम्हांस वाचवील असा आमचा भ्रम नाही. म्हणूनच ती आम्ही द्रुतगती मार्गावर नेत नाही. परंतु धूर मोजावयास यंत्र आहे, ब्रेक तपासावयास यंत्र आहे. तपासा, आणि नापास झाली तर खुशाल मोडीत काढा. वर्षातून किती किलोमीटर चालवावी याची मर्यादा घाला, तीही आम्ही पाळू. मोटारीची नाडी न पाहता जन्मपत्रिका पाहूनच तिला मोडीत काढावयाची, याला मात्र आमचा विरोध आहे. (जन्मसालावरूनच लायकी ठरत असेल तर आम्हां पन्नाशी उलटलेल्या प्राध्यापकांना कोणती पाटी मिळणार, हेही एकदा सरकारने जाहीर करावे.)

कारखानदार मंडळी या बाबतीत सरकारहून चतुर आहेत. आकुर्डीच्या बजाजने 1972 साली काढलेली चेतक स्कूटर घराघरांतून भंगारात गेली आणि 2020 साली तेच नाव विजेच्या स्कूटरवर परत आले. टाटांची सिएरा 1991 ची. तिचेही नाव 2025 साली नव्या मोटारीने धारण केले. आठवणीला किंमत असते हे या कंपन्यांस पक्के ठाऊक आहे, आणि त्यात आम्हांस काही गैर दिसत नाही. पण मग ती आठवण ज्या लोखंडात आहे ते लोखंड राखणाऱ्या कुटुंबासच भाबडे कां ठरवावे? मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदलेली होती. वीस वर्षांची मुदत भरताच ती बंद झाली, तेव्हा वर्तमानपत्रांनी केवढी हळहळ व्यक्त केली! वीस वर्षे ती धावत होती तेव्हा हे प्रेम कोठे होते?

आमच्या पक्षातील लोकांसही दोन शब्द सुनावणे प्राप्त आहे. वडिलांची मोटार म्हणून तिच्यावर गवसणी घालून ठेवावयाची, दसऱ्याला झेंडूचा हार घालावयाचा आणि वर्षभर उंदरांस वायरी कुरतडू द्यावयाच्या, याला जतन म्हणत नाहीत. उभ्या मोटारीचे ब्रेक जाम होतात, टायर एका बाजूने बसतात, टाकीत गंज धरतो. त्यात आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते. आमच्या उसाच्या प्रदेशाला ते लाभदायक असेल, पण ते पाणी ओढते आणि जुन्या रबरी नळ्यांचा भुगा करते. नळ्या बदलाव्या लागतात, कार्बोरेटर उघडून साफ करावा लागतो. ज्याला हे करावयाचे नाही त्याने मोटार विकावी. वडील रागावणार नाहीत.

आणि हे करणारा माणूस कोठे मिळतो? नाना पेठेतील दुकानांत क्लच प्लेट अजून सापडते, पण दरवेळी शोध अधिक लांबतो. आमचे मिस्त्री भोसरीत एका पत्र्याच्या शेडमध्ये बसतात. जो भाग बाजारात मिळत नाही तो शेजारच्या लेथवरून करून आणतात. कुदळवाडीच्या भंगार गोदामांतून त्यांनी आमच्यासाठी एकदा दाराचे अख्खे कुलूप पैदा केले होते. ती गोदामे 2025 च्या फेब्रुवारीत महानगरपालिकेने पाडली. ती अनधिकृत होती हे खरे, परंतु तेथे काय काय पडले होते याची यादी कोणी केली असती तर बरे झाले असते. मिस्त्रींच्या हाताखाली पूर्वी तीन पोरे होती, आता एकही नाही. "सर, पोरं लॅपटॉप लावून गाडीचा आजार वाचतात. कानानं ऐकायला कुणी येत नाही," असे ते म्हणाले. लाखो वाहने घडविणाऱ्या या पट्ट्यात पन्नास वर्षांपूर्वीचे इंजिन ऐकून ओळखणारे कान किती उरले आहेत, याची चौकशी आमच्या स्नेह्यांच्या कारखान्याने अवश्य करावी.

आमच्या मोटारीचे नूतनीकरण 2023 साली झाले. पुढचे 2028 साली, आणि त्याच वर्षी ती पन्नाशी पुरी करील. तेव्हा आमच्यापुढे दोन अर्ज असतील. एक मानाच्या पाटीचा: तो भरला तर संकष्टीची फेरी संपली. तो मंजूर होईल की नाही हाही प्रश्नच, कारण आमच्या इंजिनाला मिस्त्रींनी दोनदा बोअर केले आहे, आणि त्याला कचेरी भरीव फेरफार म्हणेल की शुश्रूषा, हे समोरचा साहेब ठरविणार. दुसरा अर्ज साध्या पाटीचा, दहा हजारांचा. कन्येने निकाल आताच देऊन ठेवला आहे. ते दहा हजार ती भरणार आहे. तूर्त रेडिएटर गळतो आहे, आणि मिस्त्रींनी रविवारी सकाळी नऊच्या आत गाडी आणावयास सांगितले आहे.