पाय टेकतील अशी सायकल

चतुर्थीच्या दिवसांत आम्ही पेडणे महालातील मांद्रे गावी, आमच्या भाचीच्या सासरी, चार दिवस राहावयास गेलो होतो. माटोळीखाली आरती झाली, मंडळी पांगली, आणि पडवीच्या कोपऱ्यात उभी असलेली एक जुनी काळी सायकल आमच्या नजरेस पडली. भाची गावातील बालवाडीत शिकविते. घर वरच्या वाड्यावर, बालवाडी खाली समुद्राच्या अंगाला. मध्ये तीनेक किलोमीटरांचा चढउतार. बस तिच्या वेळेला येत नाही, म्हणून रोज कोणीतरी स्कूटरवरून पोहोचवावे लागते. "मग ही सायकल का नेत नाहीस?" आम्ही विचारले.

"दोनदा पडले, मामा. मला सायकल जमायची नाही, असे घरात सर्वांचे ठरले आहे. आणि आता अडतिसाव्या वर्षी कुठे शिकायचे?"

तिची उंची चार फूट दहा इंच. आम्ही तिला भिंतीला पाठ लावून अनवाणी उभे केले, दोन्ही पायांमध्ये एक जाड पुस्तक वरपर्यंत घट्ट धरावयास सांगितले आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावली. माप भरले २६ इंच. मग तीच टेप सायकलीच्या आडव्या दांडीला लावली. ती भरली ३२ इंच! सहा इंचांची ही तफावत जिच्या वाट्याला आली, ती पडली नसती तरच नवल. सासऱ्यांनी घेतलेली, दिरांनी वापरलेली सायकल शेवटी सुनेकडे आली, आणि दोष मात्र सुनेच्या अंगी चिकटला.

वाचकहो, ही गोष्ट एका घरची नाही. दुसऱ्याच्या मापाची चप्पल आपण घालीत नाही. पण सायकल मात्र घरात जी असेल ती चालवावी, असा आपला रिवाज. इंग्लंडात जॉन केंप स्टार्ली यांनी १८८५ साली 'रोव्हर' ही सारख्या चाकांची, साखळीवर चालणारी सायकल बाजारात आणली, आणि उंच चाकावर चढण्याची कसरत संपली. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९८५ साली, अमेरिकेत जॉर्जिना टेरी या महिला अभियंत्याने ठेंगण्या स्त्रियांसाठी सायकली बनविण्याचा उद्योग काढला. तिच्या सायकलींचे पुढचे चाक मागच्याहून लहान, २४ इंची, असे. त्यामुळे सांगाडा आखूड करता आला आणि हँडल हाताशी आले.

आपल्याकडे तामिळनाडूतील पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९०च्या दशकाच्या आरंभी साक्षरतेच्या चळवळीबरोबर हजारो ग्रामीण स्त्रिया सायकल शिकल्या. लेडीज सायकलींचा तुटवडा पडला तेव्हा त्यांनी पुरुषांच्या सायकली घेतल्या. दांडीवर मूल बसविता येते म्हणून कित्येकींनी त्याच पसंत केल्या. तेव्हा दांडी मुळातच वाईट, असे आमचे म्हणणे नाही. सायकलीवर मांड टाकून उभे राहिल्यावर दोन्ही तळवे जमिनीला लागले पाहिजेत आणि दांडी खाली दोन इंच तरी राहिली पाहिजे, एवढेच आमचे म्हणणे आहे. ठेंगण्या नवशिक्या व्यक्तीने खाली झुकलेल्या दांडीची सायकल घेतली तर हा प्रश्नच मिटतो, आणि साडीची किंवा पंजाबी पोशाखाची अडचणही राहत नाही.

भाचीबरोबर आम्ही दुकानात गेलो ते चार गोष्टी मनाशी धरून. पहिली, सीट पूर्ण खाली घेतल्यावर बसल्या जागी दोन्ही पाय टेकतात का. दुसरी, हँडल धरल्यावर कोपरे किंचित वाकलेली राहतात का, आणि लहान पंजाची बोटे ब्रेकपर्यंत सहज पोहोचतात का. तिसरी, सायकल स्वतः उचलून पडवीच्या दोन पायऱ्या चढविता येते का. यासाठी स्प्रिंगांचे जाड पुढचे दांडे असलेली दिखाऊ सायकल आम्ही सोडून दिली. वजन वाढते, उपयोग थोडा. चौथी, रीम कशाची आहे. चकचकीत पोलादी रीम पावसात भिजली की ब्रेक नीट धरीत नाही, आणि गोव्याचा पाऊस सर्वांना ठाऊक आहे. अॅल्युमिनियमची रीम बरी.

राहिला चढ. पुढच्या चाकाला ४४ दाते आणि मागे १८ असले, तर २६ इंची सायकल पायडलच्या एका फेऱ्यात सुमारे ५ मीटर जाते. मागे २२ दाते बसविले की ती ४ मीटरांच्या थोडी वर जाते. वेग घटतो, पण चढावर पाय हलका पडतो. हा बदल साधा कारागीरही करून देतो. चाक २४ इंची घेतले तर चढ आणखी सुसह्य होतो. टायर पावणेदोन इंच रुंद असावा. जांभ्याच्या खडबडीत वाटेवर आणि वाळू पसरलेल्या रस्त्यावर तो सावरून धरतो. मडगार्ड, साखळीचे झाकण, कॅरियर आणि दिवा असला की तीच सायकल बालवाडीलाही चालते आणि बाजारालाही. खाऱ्या वाऱ्यात साखळीला वरचेवर तेल द्यावे, हे वेगळे सांगावयास नको.

झुकत्या दांडीची २४ इंची सायकल घेऊन आम्ही शाळेच्या पटांगणात गेलो आणि आधी तिची दोन्ही पायडले काढली. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, हे ध्यानात ठेवावे. ते घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवूनच सुटते. पायडलांशिवाय, पायांनी जमीन रेटीत, भाची तीन संध्याकाळी तोल शिकली. जमीन हाताशी, किंबहुना पायाशी, असली की भीती राहत नाही. चौथ्या दिवशी पायडले बसविली. सीट मात्र खालीच ठेवली. सराव होईल तशी ती थोडी थोडी वर घ्यावी. टाच खालच्या पायडलवर ठेवली असता पाय सरळ व्हावा, आणि चवडा ठेवला असता गुडघा किंचित वाकलेला राहावा, ही तिची अखेरची उंची. नवखेपणी ती गाठण्याची घाई करू नये, आणि मोरजी-हरमलच्या वर्दळीच्या रस्त्यावर तर ती गाठेपर्यंत जाऊच नये.

आम्ही परतलो. दिवाळीनंतर एका सकाळी तिचा दूरध्वनी आला. मागे बालवाडीतील मुलांचा गलका ऐकू येत होता.

"मामा, आज सीट आणखी एक इंच वर घेतली."