रहस्यकथांतील ओळखीचीं माणसें

रहस्यकथेचें पुस्तक मुलाच्या हातीं दिसलें कीं वडीलधाऱ्या मंडळींच्या कपाळास आठ्या पडतात. "चोर सांपडला कीं पुस्तक संपलें, त्यांत घेण्यासारखें तें काय?" असा त्यांचा सवाल असतो. परीक्षा तोंडावर आली असतां रात्रभर दिवा जाळून असलीं पुस्तकें वाचणाऱ्यांचा कैवार आम्हांसहि घ्यावयाचा नाहीं. परंतु चोर सांपडल्यावरहि वाचक त्याच मालेंतील पुढचें पुस्तक कां शोधीत सुटतो, याचा विचार व्हावयास पाहिजे.

आमच्या मतें कोडें हें निमित्त होय. खरी ओढ असते ती ओळखीच्या माणसांची. कॉनन डॉइल यांनीं १८९३ सालीं स्वित्झर्लंडमधील रायशेनबाख धबधब्यापाशीं शेरलॉक होम्सचा अंत करून टाकिला. जगांत कोड्यांचा तुटवडा थोडाच पडला होता? तरीहि वाचक हळहळले, रागावले. आणि १९०३ सालीं होम्स जिवंत होऊन वॉटसनच्या भेटीस परत आला!

चेस्टरटन यांच्या फादर ब्राउन कथामालेंत तर या ओळखीचें मोल विशेष दिसतें. १९१० सालच्या पहिल्याच कथेंत फ्लँबो नांवाचा अट्टल चोर निळ्या खड्यांचा चांदीचा क्रूस लांबविण्यासाठीं धर्मगुरूचा वेष घेतो आणि पकडला जातो. एवढी एकच कथा असती, तर फ्लँबो आमच्या लेखीं कायमचा चोरच राहिला असता. पण तो पुन्हां भेटतो. नाताळच्या दिवसांत एका रात्रीं तो चोरलेले हिरे घेऊन झाडावर चढलेला असतो. फादर ब्राउन खालीं उभे राहून त्याच्याशीं बोलतात. शिपायांस हांक मारीत नाहींत. थोड्या वेळानें हिरे गवतावर येऊन पडतात. पुढें हाच फ्लँबो चोरी सोडून स्वतः गुप्तहेर बनतो आणि फादर ब्राउन यांचा जिवलग स्नेही होतो.

गुन्हेगार एका कथेंत सांपडतो. माणूस सुधारलेला दिसावयास मात्र अनेक कथा लागतात. शाळेंतहि एका चुकीवरून एखाद्यावर 'उनाड' असा शिक्का बसतो, आणि त्याच्या पुढच्या गोष्टी कोणी वाचीतच नाहीं. या बाबतींत आम्ही विद्यार्थीहि निर्दोष नाहीं. म्हणून पालकांस आणि आमच्या सोबत्यांस आमची एवढीच विनंती आहे, कीं कोणाचेंहि पुस्तक पहिल्याच प्रकरणावर मिटूं नये.