भडगांवचा कापूस आणि विलायती व्यापारशास्त्र



कापसाचा भाव कां पडला, असें भडगांवच्या शेतकऱ्यानें विचारलें कीं शहाणे म्हणतात, "हें जगाच्या व्यापाराचें शास्त्र आहे, तुम्हांस कळावयाचें नाहीं." आमचें म्हणणें असें कीं, ज्याचें पोट त्यावर आहे त्याला तें कळलेंच पाहिजे; आणि तें अवघडही नाहीं.

जुनें शास्त्र इंग्लंडच्या रिकार्डोनें १८१७ सालीं मांडलें. त्याचा दाखला असा: ठराविक कापडास इंग्लंडांत १०० माणसांचें वर्षाचें श्रम लागतात व दारूस १२०, पोर्तुगालांत तेंच कापड ९० माणसें काढितात व दारू ८०. पोर्तुगाल दोहोंत सरस. तरी त्यानें दारूच करावी, इंग्लंडनें कापड करावें, आणि अदलाबदल करावी. त्यांत दोघांचाही लाभ. कुंभारानें मडकें देऊन दाणे न्यावे, तसेंच हें. हिशेब खोटा नाहीं. पण या दाखल्यांत सारा देश एक घर धरला आहे. त्या घरांत कोणाच्या ताटांत किती पडलें, हें त्यांत दिसत नाहीं.

नव्या शास्त्रानें तेथेंच बोट ठेविलें. स्टोल्पर व सॅम्युएलसन यांनीं १९४१ सालीं दाखविलें कीं, व्यापार खुला झाला म्हणजे एकाच देशांत एका वर्गाची मिळकत वाढते व दुसऱ्याची घटते. वाढलेल्याच्या नफ्यांतून घटलेल्याची भरपाई होऊं शकते. पण ती आपोआप होत नाहीं. विलायती मालानें आमचे कारागीर कसे बुडाले, हें जोतीराव फुले यांनीं १८८३ सालींच 'शेतकऱ्याचा असूड' मध्यें लिहून ठेविलें होतें.

आतां आपला दाखला घ्या. फेब्रुवारी २०२१ मध्यें परदेशी कापसावर ११ टक्के जकात बसली. १९ ऑगस्ट २०२५ रोजीं ती उठविली. आधीं ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत, म्हणजे ऐन वेचणीच्या दिवसांत. त्याच महिन्यांत अमेरिकेनें आपल्या मालावर ५० टक्के जकात लादली होती. कापडगिरण्यांस आधार हवा होता, हें खरें. पण तो कोणाच्या जिवावर?

व्यापार बंद करा, असें आम्ही म्हणत नाहीं. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी पेटली तेव्हां खानदेशच्या कापसास सोन्याचा भाव आला, तो परदेशच्या मागणीनेंच. आणि १८६५ त लढाई थांबतांच तो कोसळला, तोही तिच्यामुळेंच. आमचें मागणें एवढेंच: जकात उठवावयाची तर वेचणीचे दिवस टाळा; तें होत नसेल तर मध्यम धाग्याचा हमीभाव कागदावर न ठेवतां प्रत्येक क्विंटलास द्या. देश एक घर आहे म्हणतां ना? मग पिकविणाराचें ताट शेवटीं कां वाढितां?