नक्कल, झेरॉक्स आणि नाटकाचे पुस्तक

हौशी नाट्यमंडळात पुस्तक एकच असते. ते दिग्दर्शकाजवळ राहते. बाकीच्यांच्या हाती झेरॉक्सची पाने किंवा मोबाइलवरील पीडीएफ. गावच्या उत्सवातील नाटकापासून महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धांपर्यंत ही रीत इतकी रुळली आहे की, प्रत्येक नटाने आपले पुस्तक विकत घ्यावे, असे म्हणणारा हास्यास्पद ठरतो. तरीही ते म्हटले पाहिजे.

या रीतीचे समर्थक परंपरेकडे बोट दाखवतात. महाड-पोलादपूरकडे तर दाखला अगदी हाताशी आहे. शिवथरच्या घळीत समर्थांनी दासबोध सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, असे परंपरा मानते. पुढे मठामठांतून त्याच्या नकला झाल्या. कोणी पुस्तकविक्रेत्याकडे गेले नाही. मग नाटकाचेच पुस्तक विकत का घ्यावे?

हा युक्तिवाद दिसतो तेवढा भक्कम नाही. दासबोधाच्या 19व्या दशकातील पहिला समास लेखनक्रियेलाच वाहिलेला आहे. अक्षर कसे वळवावे, ओळी कशा राखाव्यात, साहित्य कसे जमवावे, याचा त्यात बारकाईने विचार आहे. म्हणजे नकलणाऱ्याने ग्रंथाचे मोल चुकवले नव्हते असे नाही. ते त्याने श्रमाने चुकवले. जुन्या नाटक मंडळ्यांतील नटही आपली ‘नक्कल’ हाताने उतरवून घेई. झेरॉक्समध्ये हा श्रमही नाही आणि पैसाही नाही. शिवाय समर्थांना प्रतींच्या विक्रीतून काही मिळवायचे नव्हते. आजच्या नाटककाराचे तसे नाही.

येथे कायद्याची एक तरतूद ध्यानात घ्यावी. 1957च्या कॉपीराइट अधिनियमातील 52व्या कलमानुसार, हौशी मंडळाने तिकीट न लावता केलेला प्रयोग हा हक्कभंग ठरत नाही. ही सवलत योग्यच आहे. तिच्यामुळे गावोगावचा रंगमंच जिवंत राहतो. परंतु अशा प्रयोगातून लेखकाला काहीच मिळत नसेल, तर छापील प्रत हीच त्याच्या वाट्याला येणारी एकमेव कमाई उरते. आपण तीही नाकारतो. अध्यापनासाठीच्या छायाप्रतींना 2016 साली दिल्ली उच्च न्यायालयाने मोकळीक दिली, हे खरे. पण तालीम म्हणजे वर्ग नव्हे, आणि वर्गाची मुभा तालमीत आणणे ही पळवाट आहे.

प्रश्न केवळ पैशाचा नाही. आपल्या संवादांखाली रेघा मारलेली चार पाने हाती असलेला नट नाटक वाचतच नाही. ‘घाशीराम कोतवाल’मधील मानवी पडद्यात उभ्या राहणाऱ्या नटाला स्वतःच्या ओळींपुरती पाने देऊन पाहावीत. आपण नेमके काय झाकतो आहोत, हे त्याला कोठून कळणार? संपूर्ण पुस्तक घरी असेल तर ते प्रयोगानंतरही वाचले जाते, आणि घरातील आणखी कोणीतरी ते उघडते.

विद्यार्थ्याला पुस्तक परवडत नाही, हा आक्षेप गंभीर आहे. पण मंडप, ध्वनिक्षेपक, रंगभूषा यांसाठी वर्गणी निघते. त्याच हिशेबात दहा प्रतींची एक ओळ का बसू नये? पुस्तक दुर्मिळ असेल तर दोष प्रकाशकाचा. तेव्हा लेखकाला किंवा त्याच्या वारसांना विचारून, मानधन पाठवून प्रती काढाव्यात. न विचारता काढलेल्या प्रतीला मात्र परंपरेचे नाव देऊ नये. निदान शिवथरच्या परंपरेचे तरी नाहीच.