हवेचा दाब सांगणारा रंग

वहीच्या कागदाची दोन बोटं रुंद पट्टी फाडा. तिचं टोक खालच्या ओठाशी धरा आणि वरून जोरात फुंकर मारा. लोंबणारी पट्टी वर उचलली जाते ना? वरच्या बाजूला हवेचा दाब कमी पडला, म्हणून खालच्या हवेनं तिला ढकललं. विमानाचा पंखही असाच उचलला जातो. पण पंखावर कुठे किती दाब आहे, ते मोजायचं कसं?

त्यासाठी विंड टनेल असतं, म्हणजे वाऱ्याचा बोगदा. आत विमानाची छोटी प्रतिकृती ठेवून मोठ्या पंख्याने वारा सोडतात. प्रतिकृतीला बारीक भोकं पाडून प्रत्येकाला दाब मोजणारी नळी जोडायची, ही जुनी रीत. काम चोख, पण दाब कळणार तो भोकापुरताच. मधल्या जागेचं काय? आणि पंखाच्या पातळ कडेत नळी बसवणार कुठे?

१९८० च्या दशकात सोव्हिएत संघात आणि अमेरिकेत यावर एक रंग तयार झाला. आपल्याकडे बंगळुरूच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजमध्येही त्यावर काम झालं आहे. दुकानदार जांभळ्या दिव्याखाली नोट धरतो, तेव्हा तिच्यातले धागे चमकतात. तसाच हा रंगही निळ्या-जांभळ्या उजेडात तांबडा चमकतो. पण ऑक्सिजनचा कण येऊन धडकला, की चमकायची ऊर्जा तोच घेऊन जातो! म्हणजे दाब जास्त तिथे ऑक्सिजनची गर्दी, म्हणून उजेड मंद. दाब कमी तिथे लखलखीत. वारा बंद असताना एक फोटो, चालू असताना दुसरा, आणि संगणकावर दोन्हींची तुलना. झाला अख्ख्या पंखाचा नकाशा! या रंगातलं द्रव्य बहुधा पॉर्फिरिन जातीचं असतं. आपल्या रक्तातला लाल रंगही त्याच घराण्यातला, बरं का.

खरी परीक्षा असते हळू वाऱ्यात. समजा वारा सेकंदाला ३० मीटर, म्हणजे ताशी १०८ किलोमीटर. (आपली कळंब-यवतमाळ एसटी काही एवढी पळत नाही!) एवढ्या वाऱ्यानेही दाबात फरक पडतो सुमारे ५४० पास्कलचा. आणि आपल्या भोवतालच्या हवेचा दाब जवळजवळ १ लाख पास्कल! म्हणजे शंभरातला जेमतेम अर्धा भाग. तेवढा उजेडातला फरक डोळ्याला काय दिसणार? कॅमेऱ्यालाही जड जातं.

त्यात उष्णता लबाडी करते. तापमान १ अंश सेल्सिअसने वाढलं, तर अशा अनेक रंगांची चमक सुमारे १ टक्क्याने उतरते. दाबाने होणाऱ्या फरकापेक्षा हा घोळच मोठा! म्हणून बोगदा आधी बराच वेळ चालवून तापमान स्थिर होऊ देतात, मग एकामागून एक पुष्कळ फोटो काढून सरासरी घेतात. कधी एका पंखाला हा रंग लावतात आणि दुसऱ्याला फक्त तापमान ओळखणारा. मला ही युक्ती फार आवडते. दोन्ही पंख सारखेच, मग एकाची उष्णता दुसऱ्यावरून कळतेच की!

आणि एवढं सगळं करून, खात्रीसाठी दोन-चार भोकं अजूनही ठेवतातच.