शिकवण्याआधी विचारावे



पर्युषणानंतरच्या एका सकाळी आमच्या पेठेतील परिचित व्यापारी कुटुंबाच्या सूनबाई एक वही घेऊन माझ्याकडे आल्या. दोनशे तासांचा योगशिक्षक अभ्यासक्रम त्यांनी नुकताच पूर्ण केला आहे. दुकानावरचा मोकळा मजला सासऱ्यांनी वर्गासाठी दिला असून दिवाळीनंतर आरंभ करावयाचा आहे. "काका, तुम्ही बँकेत होतात, ही नोंदवही बरोबर आहे का तेवढे पाहा," असे त्यांचे म्हणणे. वही नेटकी होती. नाव, दूरध्वनी, प्रवेशाची तारीख, शुल्क, बाकी. सात-आठ नावेही लिहून झाली होती. मी पाने उलटून पाहिली आणि विचारले, "यात प्रकृतीचा रकाना कुठे आहे?"

हा प्रश्न मला सुचला, कारण त्याची किंमत मी मोजली आहे. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच वर्षी मी एका वर्गास जाऊ लागलो. शिक्षक तरुण, उत्साही, परंतु नवखे. समोर तीस-पस्तीस जण. तिसऱ्या दिवशी सर्वांकडून हलासन करवून घेण्यात आले. माझे पाय डोक्यामागे टेकेनात, तेव्हा त्यांनी सद्भावनेनेच ते दाबून टेकवले. मानेत जी कळ आली ती दीड महिना गळपट्टा बांधल्यावर शमली. मानेच्या मणक्यांची झीज आणि रक्तदाब हे दोन्ही विकार मला पूर्वीपासून होते. कोणी विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. निम्मा दोष माझाच. पण उरलेला निम्मा एका प्रश्नाने टळला असता.

बँकेत कर्जाचा अर्ज आला की आधी अर्जदार पाहावा लागतो. नव्या अधिकाऱ्यास मंजुरीचे आकडे वाढवण्याची घाई असते. नकार केव्हा द्यावा हे तो ठेचा खाऊन शिकतो. योगशिक्षकाचेही असेच असावे. आसन कसे करावे हे अभ्यासक्रमात येते आणि प्रमाणपत्रावर त्याची मोहोर उमटते. समोरच्या माणसास कोणते आसन देऊ नये, हे मात्र त्या माणसालाच विचारून ठरवावे लागते. लोणावळ्याच्या कैवल्यधामाची स्थापना १९२४ साली करणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी योगक्रियांचा शरीरावरील परिणाम क्ष-किरण आणि रक्तदाबमापनाच्या साहाय्याने तपासला, तो उगाच नव्हे.

विचारण्याची पद्धतही महत्त्वाची. "काही आजार आहे का?" असे विचारले तर आपल्याकडील दहांपैकी नऊ जण "छे, काही नाही" म्हणतील. व्यापारी माणसास आजार उघड करणे म्हणजे पत कमी होणे वाटते. स्त्रिया चारचौघांत बोलत नाहीत. म्हणून प्रवेशाच्या दिवशी एकेकास बाजूला बसवून विचारावे, "कोणत्या गोळ्या चालू आहेत? शस्त्रक्रिया कोणती झाली आहे?" आजार नाकारणारा मनुष्य गोळीचे नाव सहज सांगून जातो.

उत्तरांचा उपयोग पुढे आहे. रक्तदाब किंवा काचबिंदू असलेल्यास शीर्षासन, सर्वांगासन नको. काचबिंदूत डोके खाली गेले की डोळ्यातील दाब वाढतो. हाडे ठिसूळ झालेल्या वृद्ध स्त्रीस कंबरेतून खोल पुढे वाकवू नये, मणक्यास इजा होऊ शकते. हर्निया, गर्भावस्था, उच्च रक्तदाब यांत कपालभाती टाळावी. जन्मभर गादीवर मांडी घालून बसलेल्या आमच्या पिढीचे गुडघे वज्रासनास नकार देतात. त्यांना खुशाल खुर्चीवर बसवावे. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी पट्टे, लाकडी ठोकळे आणि खुर्च्या वापरूनच असंख्य अशक्त शरीरांस योग शिकवला, त्यामुळे यात कमीपणा मानू नये. संशय असेल तेथे डॉक्टरांची चिठ्ठी मागावी. आणि कोणाचीही गोळी बंद करण्याचा सल्ला शिक्षकाने चुकूनही देऊ नये.

आपल्या घरांतील एक गोष्ट अभ्यासक्रमात सापडणार नाही. नवकारशी करणारा मनुष्य सूर्योदयानंतर ४८ मिनिटे पाणीही घेत नाही, म्हणजेच सकाळची गोळीही घेत नाही. सहाच्या वर्गात तो बसतो तेव्हा रक्तदाबाचे औषध अद्याप पोटात गेलेले नसते. पर्युषणात अठ्ठाई करणाऱ्यांस तर त्या दिवसांत श्वासाकडे लक्ष देऊन शांत बसणे आणि शवासन एवढेच पुरे. पारण्यानंतरही दोन-चार दिवस जोराची आसने देऊ नयेत. मधुमेहाचे औषध घेणाऱ्याने उपवास धरला असेल तर शिक्षकास ते आधी कळलेच पाहिजे.

आता पैशाविषयी, कारण सूनबाई मूळ त्याचसाठी आल्या होत्या. शुल्क घ्यावे, आणि ते तीन महिन्यांचे आगाऊ घ्यावे. ओळखीच्यांना फुकट शिकवण्याचा मोह आपल्या समाजात फार. पण फुकटच्या वर्गास लोक पाऊस पडला तरी दांडी मारतात. ज्यास खरोखर परवडत नाही त्याचे शुल्क गुपचूप माफ करावे. वर्गाचे खाते दुकानाच्या खात्यापासून वेगळे ठेवावे. सासऱ्यांस नाममात्र का होईना भाडे द्यावे, म्हणजे वर्ग टिकतो की नाही हे वर्षाअखेर प्रामाणिकपणे कळेल. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही, तेव्हा ती चिंता तूर्त नको. पहिल्या वर्षी दहा-बाराच जण घ्यावेत. तीस जणांच्या चटया मांडता येतात, पण तीस जणांच्या माना पाहता येत नाहीत. आणखी एक: हात लावण्यापूर्वी विचारावे, प्रत्येक वेळी.

सूनबाईंनी वहीत दोन रकाने वाढवले आणि त्याच संध्याकाळी सरावादाखल घरातूनच आरंभ केला. सासऱ्यांनी नेहमीप्रमाणे "मला काय धाड भरली आहे?" असे म्हटले. मग गोळ्यांचा प्रश्न आला. दुकानाच्या गल्ल्यात, पावतीपुस्तकाखाली, रक्तदाबाच्या गोळ्यांची पाकिटे निघाली. आठ महिन्यांपासून चालू असल्याचे त्यांनी कबूल केले. घरात कोणासही ठाऊक नव्हते, सासूबाईंनाही नाही. त्यांचे नाव वहीत पहिल्या ओळीवर आहे आणि समोर लाल शाईने लिहिले आहे: सर्वांगासन नाही, कपालभाती नाही. गोळ्या आता घरातील औषधांच्या डब्यात असतात.